नृत्य बसवण्याचा अधिकार केव्हा येतो? रोहिणी भाटे यांच्या वाटचालीविषयी एक प्रश्न

तत्कार

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे कथक शिकते आहे. विशारदची परीक्षा होऊन तीन वर्षे झाली आणि आता वर्गातल्या लहान मुलींना आठवड्यातून दोन दिवस मी शिकवतेही. गेल्या महिन्यात आमच्या बाईंनी मला बोलावून सांगितले, की आषाढात वर्गाचा जो छोटा कार्यक्रम होतो त्यात दहा-बारा मिनिटांची एक रचना मी स्वतः बसवावी आणि त्या तिला अजिबात हात लावणार नाहीत. मी ज्ञानेश्वरांची ‘घनु वाजे घुणघुणा’ ही विराणी निवडली. पावसाळ्याचा कार्यक्रम आहे, शब्द मराठी आहेत आणि लहानपणापासून कानात बसलेले आहेत, एवढाच विचार तेव्हा केला होता.

तीन आठवड्यांनंतर माझ्या हाती काय आहे ते प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या चरणानंतर मला येणारा एक तुकडा, म्हणजे नाचाच्या बोलांची छोटी बंदिश, दुसऱ्या चरणानंतर पावसाच्या सरींसारखी वाजणारी, पखवाजाच्या बोलांची एक परण, पुढे गत, म्हणजे चालीतून भाव दाखवणारा भाग, त्यानंतर नऊ चक्करांची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा बोल, असा सगळा ऐवज बाईंनी दिलेलाच आहे आणि मी तो फक्त एकापुढे एक मांडला आहे. तो पाहायला वाईट दिसत नाही. परंतु विराणी कुठे आहे, असे कुणी विचारले तर मला बोट ठेवून दाखवता येणार नाही.

आमच्या वर्गात कथक नर्तकी आणि गुरू रोहिणी भाटे यांचे छायाचित्र आहे आणि त्यांच्या रचनांचा उल्लेख बाई वारंवार करतात. रोहिणीताई कथकच्या घराण्यात जन्मलेल्या नव्हत्या, त्या पुण्यातल्या सुशिक्षित मराठी वातावरणात वाढल्या. असे असताना कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ किंवा ऋग्वेदातले पहाटेच्या देवतेचे उषासूक्त कथकमध्ये आणण्याइतका आत्मविश्वास त्यांच्या ठायी कसा आला, हे मला समजून घ्यायचे आहे. परंपरेने दिलेले नाचता नाचता स्वतःचे काही रचण्याचा अधिकार माणसाला नेमका कशाने येतो? वर्षांनी, गुरूंच्या आज्ञेने, वाचनाने की आणखी कशाने? आणि एक साधा व्यावहारिक प्रश्नही आहे. बसवताना आधी शब्द धरावा की ताल?

विलंबित

वयाने मी बहुधा तुझ्या आईहून मोठी असेन, म्हणून एकेरी लिहिते. मी पुण्यात बरीच वर्षे कथक शिकले आणि त्याहून अधिक वर्षे शिकवले. रोहिणीताईंच्या वाटचालीतल्या काही गोष्टी सनावळीसकट समोर ठेवल्या, तर तुझ्या प्रश्नाचा मोठा भाग सुटेल असे मला वाटते.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ चा, पाटण्याचा. शिक्षण पुण्यात झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात. नृत्याची सुरुवात कथकने झाली नाही, ती पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यमने झाली. कथक त्यांनी १९४६ मध्ये जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे सुरू केले, आणि १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था स्थापन केली. या दोन सनांच्या मधले अंतर पाहा. कथकची सुरुवात करून जेमतेम वर्ष झालेल्या, वयाची तेविशीही पूर्ण न केलेल्या मुलीने संस्था काढली आणि शिकवायला सुरुवात केली. वरवर पाहता हे धाडस वाटते. परंतु पुढची वर्षे पाहिली म्हणजे लक्षात येते, की संस्था काढल्यावर त्यांनी शिकणे थांबवले नाही, खऱ्या अर्थाने ते त्यानंतरच सुरू झाले. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे त्या बारा वर्षांहून अधिक काळ शिकल्या आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकरांकडे त्याहूनही अधिक काळ. म्हणजे आपल्या वर्गात त्या गुरू होत्या आणि त्याच काळात दुसऱ्या दोन ठिकाणी शिष्या होत्या, आणि हे दुहेरी जगणे काही महिन्यांचे नव्हते, ते दोन दशकांच्या घरात जाणारे होते.

मला यातच अधिकाराचे मूळ दिसते. जो शिकवतो त्याला आपल्याला येणारी प्रत्येक गोष्ट सुटी करून पाहावी लागते. विद्यार्थिनी विचारते, की बाई, इथे मान डावीकडेच का? आणि ‘आम्हाला असेच शिकवले’ हे उत्तर दोनदा देऊन झाले, की तिसऱ्यांदा स्वतःलाच लाज वाटते. मग उत्तर शोधायला तुम्ही पुन्हा गुरूंकडे जाता आणि या वेळी तुमचे ऐकणे बदललेले असते. तूही आता लहान मुलींना शिकवतेस. त्या मुली जे प्रश्न विचारतात ते वहीत लिहून ठेव. तुझी पहिली रचना त्या वहीतून निघण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या गुरूंविषयीची. जयपूरचा पायांचा जोर, परणांचे वजन आणि लयीचा हिशोब एकीकडे, तर लखनौची नजाकत, डोळ्यांनी आणि मनगटाने बोलणारा भाव दुसरीकडे, अशी दोन वळणे एकाच शरीराला लागली, की ते शरीर कुठलीही गोष्ट गृहीत धरत नाही. मोहनराव स्वतःही कथकच्या कुळात जन्मलेले नव्हते. जयपूरच्या सुंदरप्रसादांकडे आणि लखनौच्या शंभू महाराजांकडे शिकून त्यांनी ही दोन्ही वळणे आपलीशी केली होती आणि लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवलेही होते. अशा माणसाकडे शिकताना ‘घराण्यात जन्म नाही’ ही उणीव वाटण्याऐवजी, विद्या मिळवता येते, तपासता येते आणि नीट समजावून सांगता येते, हा भरवसा रोहिणीताईंना मिळाला असावा, असे मी त्यांच्या कामावरून समजते.

तिसरी गोष्ट गाण्याची. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले. केशवराव म्हणजे ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देणारे आणि संगीतावर मर्मग्राही लिहिणारे, तर वसंतराव लयीशी खेळणारे गायक. नर्तकी गायला शिकली म्हणजे बंदिशीचा मुखडा कुठून उठतो आणि श्वास कुठे मोडतो हे तिला आतून कळते. मग ती गाण्याच्या पाठीमागून धावत नाही, गाण्याबरोबर चालते. तू गातेस का, हे मी तुला पहिल्यांदा विचारले असते. गात नसलीस तरी ही विराणी रोज सकाळी दहा वेळा म्हण, घुंगरू न बांधता, हात मांडीवर ठेवून म्हण.

त्या काळचे पुणेही ध्यानात ठेवायला हवे. चांगल्या घरातली मुलगी गाणे शिकते हे समाजाने नुकतेच कुठे स्वीकारले होते. नाच म्हटला, की लोकांच्या डोळ्यांपुढे एकतर तमाशाचा फड येई किंवा उत्तरेतला कोठा. कथक नर्तकी मादाम मेनका यांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम’ चालवून कथकच्या आधारे समूहनृत्ये बसवली होती, त्यांच्या संचाने १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत मजल मारली होती आणि दमयंती जोशींसारखी शिष्या तयार केली होती. मेनका १९४७ मध्ये गेल्या आणि त्याच वर्षी पुण्यात ‘नृत्यभारती’ उभी राहिली. हा योगायोगच, पण माझ्या मनात या दोन घटना नेहमी शेजारीशेजारी येतात. शहरातल्या सामान्य घरांतून, शाळा-कॉलेज सांभाळून येणाऱ्या मुलींच्या पिढ्या पुण्यात कथकच्या वर्गात येऊ लागल्या आणि त्यांच्या आयांना त्यात वावगे वाटेनासे झाले, हे रोहिणीताईंचे काम मला त्यांच्या कुठल्याही रचनेइतकेच मोलाचे वाटते. शमा भाटे, प्रभा मराठे यांच्यासारख्या त्यांच्या शिष्यांनी पुढे स्वतः शिष्या घडवल्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथकचा पदवी अभ्यासक्रम आखण्यातही रोहिणीताईंचा हात होता. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७९ मध्ये मिळाला आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता तुझ्या तुकड्यांच्या माळेविषयी. शिकलेले तुकडे एकापुढे एक मांडणे यात काही पाप नाही, सगळ्यांची पहिली रचना तशीच असते. पण मी तुला एक गोष्ट करून पाहायला सांगेन. त्यातला प्रत्येक तुकडा काढून टाक आणि तो नसल्यामुळे विराणीचे काय बिघडते ते पाहा. काही बिघडत नसेल, तर तो तुकडा तिथला नव्हता. माझ्या गुरूंनी एकदा मला अर्धा तास नुसत्या ठाठात, म्हणजे नाच सुरू होतानाच्या स्थिर पवित्र्यात, उभे केले होते. विलंबित तीनताल, लेहरा म्हणजे तालाची आवर्तने दाखवणारी धून चालू, आणि मला परवानगी फक्त मनगट, मान आणि भुवई यांची. पहिली दहा मिनिटे लाजेत गेली, पुढची दहा कंटाळ्यात. त्यानंतर कुठेतरी समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच्या दोन मात्रांमध्ये माझे मनगट आपोआप वळले आणि बाई म्हणाल्या, “हे तुझे.” तेवढेच माझे होते. परंतु तेव्हापासून ‘माझे’ आणि ‘दिलेले’ यांतला फरक मला अंगात कळू लागला.

पोथीवाचक

मी नाचत नाही. संस्कृतचा अध्यापक होतो आणि रोहिणीताईंच्या कामाकडे मी ग्रंथांच्या दारातून आलो. वरच्या प्रतिसादात वाचनाचा मुद्दा राहून गेला आहे, तो मांडतो.

नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथाचे संपादन करून रोहिणीताईंनी ‘कथक दर्पण दीपिका’ सिद्ध केली. हे काम किती अवघड आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहज येत नाही. त्या ग्रंथात २८ असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, सांगितल्या आहेत आणि प्रत्येकाचे विनियोग, म्हणजे तो हात कशाकशासाठी वापरावा, हे श्लोकांतून दिले आहे. भरतनाट्यमचा विद्यार्थी हे सारे पाठ म्हणतो, कारण त्याच्या शिक्षणाचीच ती पायरी आहे. कथकमध्ये मात्र हाताची भाषा गुरूच्या शरीरातून शिष्याच्या शरीरात अशीच उतरत आलेली, पुष्कळशी बोलीभाषेसारखी सैल आणि सहज. त्यामुळे कथकच्या नर्तकीने हा ग्रंथ उघडायचा म्हणजे आपल्या अंगवळणी पडलेल्या प्रत्येक हस्तकाला त्याचे नाव-गाव विचारायचे. त्यांच्या नृत्यशिक्षणाची सुरुवात भरतनाट्यमने झाली होती हे येथे त्यांच्या उपयोगी पडले असेल, असा माझा तर्क आहे. १९५२ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर त्या चीनला गेल्या होत्या आणि आपल्या प्राचीन नृत्य-नाट्यग्रंथांचा विचार त्यांनी त्या प्रवासाच्या निमित्तानेही केला. परक्या भूमीवर आपली कला दाखवताना, ही कला कुठून आली, हा प्रश्न माणसाला अधिक तीव्रतेने पडतो.

त्यांनी निवडलेल्या संहितांकडे नीट पाहिले, तर रचनाकाराची दृष्टी कशी चालते हेही दिसते. उषासूक्तांचेच घ्या. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ९२ व्या सूक्तात उषेविषयी ‘अधि पेशांसि वपते नृतूरिव’ असे म्हटले आहे. एखाद्या नर्तकीप्रमाणे ही उषा रंगीबेरंगी वस्त्रे अंगावर चढवते, असा त्याचा अर्थ. आपल्या सर्वांत जुन्या काव्याने पहाटेकडे पाहिले आणि त्याला नर्तकी आठवली. नाचणाऱ्या बाईला या ओळींमध्ये आपल्या कलेचे केवढे जुने नाते सापडावे!

‘ऋतुसंहार’ही तसाच. कालिदास ग्रीष्मापासून आरंभ करतो आणि वसंतापर्यंत सहा ऋतू सहा सर्गांत सांगतो. वर्षेचा पहिला श्लोक वाचा:

ससीकराम्भोधरमत्तकुञ्जरस्तडित्पताकोऽशनिशब्दमर्दलः।
समागतो राजवदुद्धतद्युतिर्घनागमः कामिजनप्रियः प्रिये॥

तुषार उडवणारे ढग हे मत्त हत्ती, वीज ही पताका, गडगडाट हा मर्दल नावाचा ढोल, आणि या थाटात पावसाळा राजासारखा येतो आहे. हत्तीची चाल आहे, पताका आहे, वाद्य आहे, राजाचा प्रवेश आहे. श्लोकातच नृत्य बसवून ठेवलेले आहे, आणि तरीही ते रंगमंचावर आणणे सोपे नाही, कारण चारही गोष्टी एकाच वेळी घडताहेत आणि नाचणारीचे शरीर मात्र एकच आहे. कुठली प्रतिमा पावलांना द्यायची, कुठली हातांना, कुठली नुसत्या नजरेवर सोपवायची आणि कुठली पखवाजाच्या बोलांवर सोडून देऊन स्वतः स्तब्ध राहायचे, ही निवड म्हणजेच नृत्य बसवणे. तुमच्या मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की जो संहितेतले एवढे सगळे पाहू शकतो आणि त्यातले बरेचसे सोडून देण्याचे धैर्य दाखवतो, त्याला अधिकार येतो.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करायला हवा. इसाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीच्या आत्मचरित्राचे रोहिणीताईंनी ‘मी इसाडोरा’ या नावाने मराठीत भाषांतर केले. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जन्मलेल्या या बाईने बॅलेचे बूट आणि चोळीचे काच नाकारले, ती अनवाणी नाचली, ग्रीक शिल्पांतल्या सुट्या वस्त्रांत नाचली आणि नृत्यासाठी न लिहिलेल्या संगीतावर नाचली. जिची कला शिस्तबद्ध तालाच्या आवर्तनांत बांधलेली आहे अशा नर्तकीला, सगळी बंधने झुगारणाऱ्या इसाडोराचे चरित्र आपल्या भाषेत आणावेसे वाटले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याहून अगदी वेगळा मार्ग पत्करलेल्या कलावंताच्या मनात इतका काळ राहिल्याखेरीज भाषांतर होत नाही. ‘माझी नृत्यसाधना’ हे आत्मकथन लिहिणारा हात आणि ‘मी इसाडोरा’ लिहिणारा हात एकच आहे, हे लक्षात ठेवून दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचावीत अशी माझी सूचना आहे.

मराठी शब्दांवर नाचणे ही नवी टूम नव्हे, हेही सांगून ठेवतो. तंजावरच्या सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी नृत्यासाठी मराठी रचना केल्या होत्या आणि त्यांच्यावर संशोधन करून त्या पुन्हा रंगमंचावर आणण्याचे काम ज्यांनी केले ते पार्वतीकुमार म्हणजेच रोहिणीताईंचे पहिले गुरू. तुम्ही विराणी निवडलीत ती या दृष्टीने योग्य घरातली आहे.

डग्गा

मी तबलजी आहे, कथकच्या साथीला पंचवीस वर्षे बसतो आहे. आधी शब्द की आधी ताल, या प्रश्नापुरते लिहितो.

शब्दांचे वजन आधी मोजा, ताल नंतर ठरवा. वर दिलेला श्लोक वंशस्थ वृत्तात आहे. एका चरणात बारा अक्षरे, गण ज-त-ज-र. मात्रा मोजल्या तर चार, पाच, चार, पाच, एकूण अठरा. आता हा चरण तीनतालाच्या सोळा मात्रांत जसाच्या तसा बसणार नाही. कोंबायला गेलात तर कुठेतरी गुरू, म्हणजे दोन मात्रांचे, अक्षर चेपले जाईल आणि काव्याचा घास अडकेल. चार आणि पाच अशी जोडी दोनदा येते, म्हणजे नऊ-नऊ मात्रांचे चालणे त्या चरणाच्या पोटातच आहे. नऊ मात्रांचा मत्तताल तेथे चरणाला दोन आवर्तनांत सहज कवेत घेईल. किंवा तीनतालच ठेवायचा असेल, तर श्लोक तालाशिवाय मोकळा म्हणवून घ्यावा आणि सम येईल ती शब्द संपल्यानंतरच्या बोलांवर. दोन्ही रस्ते चालतील. परंतु न मोजता निवडलेला रस्ता चालत नाही, हे मी साथीला बसून अनेकदा पाहिले आहे. नर्तकी डोळ्यांनी माझ्याकडे मदत मागते आणि मी ठेका ओढून धरण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता तुमची विराणी. येथे मात्रा मोजू नका, अक्षरे मोजा, कारण हे ओवी-अभंगाच्या कुळातले चालणे आहे. ‘घनु वाजे घुणघुणा’ आठ अक्षरे. ‘वारा वाहे रुणझुणा’ आठ. ‘भवतारकु हा कान्हा’ आठ. आणि शेवटचा चरण ‘वेगीं भेटवा कां’ फक्त सहा. तीन चरण भरलेले आणि चौथा दोन अक्षरांनी उणा. ज्या चरणात ती बाई प्रत्यक्ष काही मागते आहे, नेमका तोच चरण अपुरा आहे. पुढच्या ‘चांदवो वो चांदणें’ या कडव्यात तर शेवटचा ‘नावडे वो’ हा चरण चारच अक्षरांचा उरतो. तुम्ही सांगितलेल्या मांडणीत हे उणेपण तुकड्यांनी आणि चक्करांनी भरून काढले आहे, म्हणून विराणी सापडत नाही. मला विचाराल तर त्या दोन अक्षरांच्या रिकाम्या जागेत मी ठेकासुद्धा अगदी हलका करीन, डग्ग्यावरचा हात उचलून नुसत्या चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, येईन, आणि तुम्ही तिथे काहीही करू नये.

आणखी एक. ‘घुणघुणा’ आणि ‘रुणझुणा’ हे शब्द ऐकले, की घुंगरांनी तसाच आवाज काढून दाखवण्याचा मोह कुठल्याही कथकवालीला होणारच. शब्दांनी तो आवाज आधीच काढलेला आहे. तुम्ही पुन्हा काढला तर तो दोनदा होईल आणि दोन्ही वेळा अर्धाच ऐकू येईल.

नादलय

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एका गोष्टीला मला हरकत घ्यायची आहे. ‘घराण्यात जन्म नसल्यामुळे रोहिणीताई मोकळेपणाने रचना करू शकल्या’ असे कुणी थेट म्हटलेले नाही, पण प्रश्नाच्या मांडणीत ते डोकावते, जणू काही घराणे म्हणजे फक्त दिलेले सांभाळणे आणि रचना म्हणजे त्याच्या बाहेर पडणे.

लच्छू महाराज कोण होते ते आठवावे. कालकाप्रसादांचे पुत्र, अच्छन महाराज आणि शंभू महाराज यांचे बंधू, म्हणजे लखनौ घराण्याचे अगदी मधोमध जन्मलेले. आणि हेच लच्छू महाराज मुंबईत राहून चित्रपटांची नृत्ये बसवत होते, ‘मालती-माधव’ आणि ‘कुमारसंभव’ यांसारखी नृत्यनाट्ये रचत होते आणि पुढे लखनौच्या कथक केंद्राचे पहिले संचालक झाले. संस्कृत नाटक आणि काव्य कथकमध्ये आणण्याची वाट रोहिणीताईंना ग्रंथांइतकीच आपल्या गुरूंच्या घरातही दिसत होती. त्याच्याही आधी मेनकांनी ‘मालविकाग्निमित्र’ कथकच्या अंगाने केले होते. त्यामुळे एकट्या प्रतिभेने परंपरेची भिंत ओलांडली असे चित्र रंगवण्यापेक्षा, रचना करणाऱ्या माणसाकडे शिकल्यामुळे रचना करण्याची सवय लागली, असे म्हणणे मला सत्याला अधिक धरून वाटते.

तुलनेसाठी कुमुदिनी लाखिया यांचे नाव घेतो. त्यांनी अहमदाबादला ‘कदंब’ उभारले आणि ‘धबकार’, ‘अतः किम्’ या रचनांत कथकमधून कथाच बाजूला काढून समूहाच्या हालचाली, रेषा आणि अवकाश यांवर भर दिला. रोहिणीताईंनी शब्दांच्या अधिकाधिक जवळ जाऊन नवे शोधले, कुमुदिनीबेनांनी शब्दांपासून दूर जाऊन. दोघींचे मार्ग उलट दिशांचे आहेत आणि दोन्ही कथकचेच आहेत. माझा स्वतःचा ओढा रोहिणीताईंकडे आहे, कारण मराठी माणसाचे नृत्याशी नाते बहुतेक वेळा शब्दांच्या हाताला धरूनच जुळते. कीर्तनकार एका पायावर गिरकी घेतो तीसुद्धा चरण संपताना.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंना एक व्यावहारिक सुचवणी करतो. ठुमरीतली विरहिणी आणि ज्ञानेश्वरांची विरहिणी या एकच आहेत असे धरून चालू नका. ठुमरीतली नायिका रुसते, सवतीवर संशय घेते, दारात उभी राहून वाट पाहते, आणि तिचे सगळे हावभाव आपल्याला तयार मिळालेले असतात. विराणीतल्या बाईला चांदणे नावडते आहे, चाफा आणि चंदन नावडते आहे, पण तिची कुणाविषयी तक्रार नाही. नावडणे हे रागावाचून कसे दाखवायचे, यासाठी तयार गतभाव मिळणार नाही. तो तुम्हालाच शोधावा लागेल.

तत्कार

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधल्या काळात मी सगळे मोडून पुन्हा सुरुवात केली.

विलंबितताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकेक तुकडा काढत गेले. अकरापैकी नऊ गेले आणि विराणीचे काहीच बिघडले नाही. उरलेल्या दोनांपैकी एक गत आहे आणि दुसरा अगदी साधा, ‘तिग्दा दिगदिग थेई’ असा लहानपणी पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकलेला. तो का ठेवावासा वाटतो हे मला अजून कळलेले नाही, पण काढला की काहीतरी सुटल्यासारखे होते, म्हणून तूर्त ठेवला आहे. रोज सकाळी म्हणणेही सुरू आहे. सातव्या-आठव्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की ‘वेगीं’ हा शब्द मी नेहमी घाईने म्हणत होते, कारण त्याचा अर्थ घाईचा आहे. तो सावकाश म्हटला तर अधिक व्याकूळ वाटतो.

डग्गासाहेब, तुमची सूचना ऐकून आमच्या वर्गाच्या तबलजींना चौथ्या चरणानंतर ठेका हलका करायला सांगितला. पहिल्या दिवशी त्या रिकाम्या जागेत माझे पाय आपोआप हलले, घुंगरू वाजले आणि दोघेही थांबलो. काल प्रथमच ते हलले नाहीत. त्या वेळी माझ्या एका मुठीत ओढणीचे टोक राहून गेले होते, ते मी सोडले नाही आणि वरही उचलले नाही. मागे बसलेल्या लहान मुलींपैकी एकीने नंतर मला विचारले, “ताई, तुम्ही तिथे कुणाकडे बघत होतात?”

विलंबितताई, तुम्ही सांगितले होते म्हणून तिचा प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे. ‘चांदवो वो चांदणें’ हे कडवे अजून पूर्ण व्हायचे राहिले आहे आणि ‘नावडे वो’ या चार अक्षरांपाशी मी रोज अडते. ‘नावडे’ म्हणताना तळहात बाहेर वळवला की नकार होतो आणि आत वळवला की लाज होते. मला दोन्ही नको आहे. सध्या हात छातीपाशी येण्याच्या आधीच थांबवून पाहते आहे. कार्यक्रमाला अजून पाच आठवडे आहेत.